पडदा काळाच राहील

हिरवा दिवा – मुगाच्या दाण्याएवढा – जुन्या संगणकाच्या पोटावर नुसता जळत होता. लुकलुकत नव्हता, आणि तो लुकलुकायला हवा असं कुणी सांगितलेलं नसूनही तिला ते कळत होतं, जसं पाठमोरं उभं असतानाही आपल्याकडे कुणी बघतंय की नाही ते कळतं...

"ताई, दिसायला लागलं का?" वरच्या मजल्यावरून धाकट्या जावेचा आवाज.

"लागेल."

"काल पण लागणारच होतं."

ती माहितीपत्रकं लिहिते – खुर्ची कशी जोडावी, कपाटाचं दार कसं बसवावं – आणि धाकटी त्यांतली चित्रं काढते. वर चित्रं, खाली मजकूर, आणि जिन्यावरून पायमोज्यात घालून फेकला जाणारा पेनड्राइव्ह. दोन जावा आणि एक पायमोजा, एवढ्यावर संसार – संसार कसला, धंदा – छान चालला होता. मग मागच्या महिन्यात मजकूर नवा गेला, चित्र जुनं गेलं, आणि छापून आलेल्या स्टुलाला वाचायला चार पाय, बघायला तीन. गिऱ्हाईक हसलं. धाकटी हसली नाही. तिला एका मोठ्या ऑफिसातून बोलावणं आलंय, आज संध्याकाळी हो की नाही ते कळवायचंय, सकाळी जिन्यात उभी राहून म्हणाली, "दोघींना एकच फाइल दिसायला लागली, तर थांबायचा विचार तरी करीन. पण मोज्यावर आयुष्य काढणार नाही हं, ताई."

विचार तरी करीन. – म्हणजे? सासूबाई म्हणायच्या, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. बरोबर आहे, पण एका फोल्डरात राहायला काय हरकत आहे?

म्हणून तर कालपासून हा अडगळीतला संगणक. त्यात एक प्रणाली घालायची – कुणीतरी बनवून जगाला फुकट दिलेली – की तो अख्ख्या घराचं कपाट होतो: फाइल त्यात ठेवली की वरूनही तीच, खालूनही तीच. प्रणाली मिळाली. ती बसवायची कशी हे नीट सांगणारा मिळेना. एका पानानं फर्मावलं, 'नेहमीप्रमाणे नेटवर्क जुळवून घ्या' – अरे, नेहमीचं असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते? एका व्हिडिओत बाण पालीसारखा सरसरत गेला, मागोमाग तिचे डोळे, आणि दोघंही हरवले. आणि एका चर्चेत कुणीतरी हुबेहूब तिचाच प्रश्न विचारलेला – तिनं खुर्ची पुढे ओढली – खाली त्याचंच उत्तर: 'सुटलं. धन्यवाद.' काय सुटलं, बाबा? कसं सुटलं? असा माणूस भेटला तर मी त्याला चहा देईन आणि कप कुठे ठेवलाय ते सांगणार नाही.

मग 'जुना बूट' सापडला. लिहिणाऱ्याचं नाव तेवढंच. त्याच्या पानावर तिसऱ्या पायरीला लिहिलेलं:

पडदा काळाच राहील. तुम्हाला वाटेल, आपण काहीतरी मोडलं. मोडलेलं नाही. उठा, पाय मोकळे करून या.

ती खरंच उठली. खिडकीपर्यंत जाऊन आली. पडदा उजळला होता. हा माणूस – की बाई? – स्वतः तोंडावर आपटलेला आहे, आणि आपटला तिथे दुसऱ्यासाठी उशी ठेवून गेलाय... मी इतकी वर्षं 'सहज बसवा' लिहीत आले. एकदा तरी एखादं दार बसवून पाहिलं का? – असो. दार आत्ता नको.

शेवटची पायरी: दुसऱ्या संगणकावर कपाट दिसेल.

(ही तिनं सगळ्यात आधी वाचली होती. तिची सवयच ती. शेवट कळल्याशिवाय तिला सुरुवात गोड लागत नाही.)

पण दिसलं नाही. दुपार उलटली, दिवा मख्ख. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, सगळ्या पायऱ्या झालेल्या – समोर कागद होता की तिचा! बुटाचा मजकूर तिनं आपल्याकडे उतरवून घेतला होता आणि, हात गप्प बसतात थोडेच, जाता जाता सफाई केली होती: दोन वाक्यांचं एक, पाल्हाळ बाद...

पाल्हाळ.

तिनं बुटाचं मूळ पान पुन्हा उघडलं. सातव्या पायरीत तो म्हणत होता: 'जतन करा' दाबा. मग वर पिवळी पट्टी येईल, तिथे 'लागू करा' दाबा. जतन म्हणजे तुमचं तुम्ही ठरवलं. लागू म्हणजे त्याला कळवलं. मी आठवडाभर नुसतंच ठरवत होतो.

आणि तिच्या कागदावर: 'जतन करा.' पूर्णविराम. दोन्ही एकच की, म्हणून दुसरं उडवलेलं – स्वतःच्या हातानं, वर सुटसुटीत झालं म्हणून खूश होऊन! ती एकटीच मोठ्यानं हसली.

"काय झालं?" वरून.

"काही नाही. शहाणपणा नडला."

पिवळी पट्टी सकाळपासून तिथेच होती. तिनं दाबली.

"ताई! अगं, आलं! कपाट आलं! पण रिकामं आहे."

रिकामं. त्यात आधी काय ठेवावं... स्टूल? स्टूलच ठेवायचं, त्यासाठीच तर हे सगळं. पण बोटं रेंगाळली. तू जाऊ नयेस – हे कधीचं ठरलंय माझं. ठरवून ठेवलंय, नीट जतन करून, आणि सकाळी जिन्यात म्हणाले काय? 'बघ बाई, तुझं तू.' तिनं कोरी फाइल उघडली, लिहिलं: थांब. मोजा मी जाळते. – पुन्हा वाचलं, सुधारावंसं वाटलं, सुधारलं नाही. ठेवून दिलं.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज. मग –

हिरवा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा, भराभर. वर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवत होतं. उघडलं की तिचं उत्तर, एका बोटाच्या अंतरावर. माझं बोट तिथे आहे. गंमत म्हणजे ते शांत आहे. दिवा थांबतो, विचार केल्यासारखा, पुन्हा लुकलुकतो – खोडतेय वाटतं, पुन्हा लिहितेय...

लिहू दे. सावकाश लिहू दे.

ती उठली, पाय मोकळे करायला.