तळातला चुना

"बाबा, खाली चुन्याशी काय खेळत बसलायस? वर ये, बघ तरी!" परांचीवरून चितारी लापोने हाक मारली.

मेओ जागचा हलला नाही. चर्चच्या दारात उकिडवा बसून तो घमेलं धूत होता, आणि धुता धुता त्याच्या बोटाला मोहरीएवढा दाणा लागला होता. त्याने तो दाताखाली धरला. दाणा कचकन फुटला. शेजारीच पडलेली घोड्याच्या केसांची बारीक चाळण त्याने उजेडाकडे धरली, तर कडेला बोटभर भोक.

मेओ गिलावा करणारा गवंडी. चितारी भिंतीवर चित्र काढतात ते ओल्या गिलाव्यावर. सकाळी गवंड्याने, संध्याकाळपर्यंत रंगवून होईल तेवढाच तुकडा लावायचा, आणि तो सुकायच्या आत चिताऱ्याने रंग भरायचा. एकदा सुकला की रंग भिंतीचाच होऊन बसतो. वरून दुरुस्ती करू म्हटलं तर ती टिकत नाही, चुकलेला तुकडा फोडूनच काढावा लागतो. चुना मेओ स्वतः घरामागच्या खड्ड्यात विरवायचा, दोन दोन वर्षं पाण्याखाली ठेवायचा. आणि तळातला वीतभर चुना कधी घ्यायचा नाही. भट्टीत जास्त भाजलेलं, पाण्यात न विरलेलं जे काही असतं ते तळाशीच बसतं. तसा दाणा भिंतीत गेला की सहा महिन्यांनी, वर्षाने ओल पिऊन फुगतो आणि रंगासकट खपली उडवतो.

एकतीस वर्षांत मेओच्या भिंतीत एक दाणा फुटला नव्हता. हे कोणी विचारायची गरजच नसायची. खानावळीत दुसरा पेला आला की तो आपणहून सांगायचा, आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण ते खरंच होतं.

आज मात्र जुना खड्डा तळाला गेला होता. नव्यातला चुना जेमतेम वर्षाचा, कच्चा. चित्रातला फक्त मारियाचा, येशूच्या आईचा, चेहरा उरला होता, सण चार दिवसांवर आलेला, बिशप येणार, आणि लापो पहाटेच कुंचले घेऊन हजर. एवढ्याशा तुकड्याला काय होतंय, चाळून तर घेतोय, असं म्हणून मेओने तळातल्या चार मुठी काढल्या होत्या. आपल्याच हाताने.

तो शिडी चढून वर गेला. भिंतीवरची मारिया देवदूताचं बोलणं ऐकत होती. शेंगा सोलता सोलता कोणीतरी नावाने हाक मारावी आणि मान वर व्हावी, तशी. ओठ जरासे विलग. एवढ्या वर्षांत एवढ्या चिताऱ्यांच्या हाताखाली काम केलं, पण असा चेहरा मेओने पाहिला नव्हता.

"हे माझ्या हातून परत होणार नाही," लापो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"उस्ताद," मेओ म्हणाला, "हा तुकडा फोडावा लागेल."

लापोला आधी थट्टाच वाटली. मेओने तळातल्या मुठींपासून चाळणीपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"फुटेलच कशावरून?"

"नाहीही फुटणार."

"मग झालं तर. गप्प बस. पुढेमागे फुटलाच तर भिंतीला ओल आली म्हणू. तुझं नाव कोण घेतंय? इथे कुठे तुझं नाव लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं, म्हणूनच सांगतोय. तुमचं नाव चारी गावांत आहे. एक चित्र बिघडलं तर दुसरं दाखवाल. माझ्याकडे भिंतीशिवाय दाखवायला काय आहे?"

"म्हातारचळ लागलाय तुला!"

"लागला असेल. पण तसा दाणा आत आहे हे मला ठाऊक आहे. मला इथून सरळ मानेने जाता येणार नाही."

लापोने कुंचले गोळा केले. "फोडायचं तर तूच फोड. मी नाही बघणार," म्हणाला, आणि निघून गेला.

गिलावा ओला आहे तोवरच काढायला हवा होता. मेओने थापीच्या कडेने सांध्यावरून चीर दिली आणि तुकडा सोलून काढला. काम संपल्यावर तो परांचीवरच बसून रडला. डावा डोळा आणि भुवई असलेली तळहाताएवढी खपली तेवढी अखंड निघाली होती. ती त्याने कातडी एप्रनात गुंडाळून घरी नेली.

घिताने, त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. "एकतीस वर्षं मिरवलंत, आणि आज आपल्याच तोंडाने सांगून आलात?"

"आलो."

"बरं केलंत. बसा जेवायला."

पण उद्यासाठी पक्का चुना हवा होता, आणि तो गावात आणखी एकाकडेच होता. बाल्दोकडे, गावातल्या दुसऱ्या गवंड्याकडे. त्याच्या दारात मेओने जन्मात पाय ठेवला नव्हता. घास कसाबसा गिळून तो गेला आणि बादली पुढे केली.

"तळ खरवडलास होय रे?" बाल्दोने हसत हसत विचारलं.

"खरवडला."

बाल्दोचं हसणं तिथेच थांबलं. त्याने बादली काठोकाठ भरून दिली. मात्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गावभर सांगायला तो विसरला नाही.

दुसरा चेहरा चांगला झाला. बिशप खूश झाले, बायकांनी मेणबत्त्या लावल्या. पण सणाच्या पंगतीत लापो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पहिला बघायला हवा होता तुम्ही. आमच्या म्हाताऱ्याला दाण्याचे भास झाले, आणि गेला तो." खानावळीत एकदोघांनी मेओच्या वाटीत डोकावून पाहिलं. "मेओ, रश्श्यात दाणा नाही ना रे?" मेओने खानावळीत जाणंच सोडलं. हिवाळ्यातलं काम लापोने बाल्दोला दिलं. मेओ गोठ्यांच्या भिंती लिंपत राहिला, आणि त्याही चाळून घेतलेल्या चुन्याने. त्याला राग यायचा, लाजही वाटायची, पण पस्तावा एक दिवसही झाला नाही.

ती खपली खिडकीच्या फळीवर पडून होती. पाऊस आत यायचा, धुकं यायचं. ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात एके सकाळी घिता झाडता झाडता ओरडली, "अहो, इकडे या!"

फळीवर चिमूटभर पांढरी भुकटी सांडली होती. मारियाच्या बुबुळाच्या जागी मसुरीएवढा खळगा, आणि खळग्याच्या तळाशी फुटलेला पांढरा दाणा.

"चला, घेऊन चला खानावळीत," घिता म्हणाली. तिचा श्वास फुलला होता. "धरा एकेकाच्या नाकासमोर. सगळ्यात आधी त्या लापोच्या."

मेओ कितीतरी वेळ त्या डोळ्याकडे बघत राहिला. आपण खरे ठरलो म्हणून त्याची छाती भरून आली, आणि डोळा गेला म्हणून वाईटही वाटलं.

"तिथेच राहू दे," तो म्हणाला. "भुकटीही झाडू नकोस."

ईस्टर झाल्यावर लापो आला. मठातल्या मोठ्या दालनाचं काम मिळालंय, एवढं सांगेपर्यंत त्याची नजर खिडकीकडे गेली. तो जवळ गेला. करंगळीचं टोक त्याने खळग्यात घातलं आणि बोटाला लागलेली भुकटी चोळून पाहिली. घिता चुलीपाशी हात थांबवून उभी होती.

"सप्टेंबरात सुरू करायचंय," शेवटी लापो म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "बाल्दोला अजून विचारलेलं नाही."

"सप्टेंबरात माझा चुना दोन वर्षांचा होतोय."

"मग ये, बाबा. आणि पंगतीत मी जे बोललो, ते मठात सगळ्यांसमोर मागे घेईन."

मेओने होकाराची मान हलवली.

लापो दारापर्यंत गेला आणि वळला. "ही खपली मला देशील? माझ्या हातचा सगळ्यात चांगला चेहरा होता तो."

"नाही," मेओ म्हणाला. "चेहरा तुमचा होता, उस्ताद. दाणा माझा आहे."

त्याने खपली उचलली, खळग्याची बाजू वर राहील अशी फळीवर नीट ठेवली, आणि नवी चाळण घेऊन तो घरामागच्या खड्ड्याकडे गेला.