ऑक्सिजनची रेघ

आमचं काम सांगायला सोपं. धातूच्या पत्र्यावर गॅमा किरण सोडायचे आणि विखरून बाहेर पडणाऱ्यांची ऊर्जा मोजायची. अणुकेंद्रातले सगळे प्रोटॉन एकीकडे नि न्यूट्रॉन दुसरीकडे असे घोळक्यानं डोलू लागले, की पडद्यावर फुगवटा दिसतो. वर्षभर मी त्या फुगवट्याच्या मागे हात धुऊन लागले होते.

पत्रे बदलायला भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. इथे चिकटवलं त्यांना मीच. हातात कसब, पण वेंधळेपणाची हद्द. किरणांच्या खोलीत जाणाऱ्यानं फळ्यावरची आपली चावी खिशात घालून न्यायची. एक जरी चावी कमी असली तरी किरण सुरू होत नाहीत. भाऊजी ती चहाच्या कपाशेजारी विसरायचे. मी तोंडाचा पट्टा चालवत ती जागेवर टांगायचे.

त्या दुपारीही टांगली. आधी आत फेरी मारायचा नियम आहे. कॅमेऱ्यात खोली रिकामी दिसली, तेवढ्यावर मी भागवलं. भोंगा वाजला, किरण सुरू झाले.

किरणांच्या वाटेत जे मूलद्रव्य येतं, त्याची ठरलेली रेघ पडद्यावर उमटते. चौथ्या मिनिटाला नको तिथे रेघ उगवली. ऑक्सिजनची. पत्रा तर घासूनपुसून चकचकीत केलेला! माझं डोकंच फिरलं. भाऊजी ओलं फडकं विसरले असणार आत. तेव्हाच बंद करायला हवं होतं. पण म्हटलं, वाढू दे चांगली, छापून त्यांच्या नाकासमोर नाचवते. मग कार्बनची रेघ आली. फडकं सुती, कार्बन असणारच, अशी मी स्वतःची समजूतही घातली.

अकराव्या मिनिटाला वर्कशॉपला फोन लावला. "भाऊजींना द्या जरा."

"ते कुठे इथे?" फिटर म्हणाला. "तुमच्याकडेच गेलेत की मघाशी. पत्रा सैल झालाय म्हणाले."

पाण्यातला ऑक्सिजन नि कार्बन तर माणसाच्या अंगातही असतो. लाल बटण दाबलं. जाड दार सरकायला चाळीस सेकंद लागतात. ती मी कशी काढली, माझं मला ठाऊक.

पत्र्याभोवतीच्या, कॅमेऱ्याला आड येणाऱ्या शिशाच्या भिंतीमागून, थेट किरणांच्या वाटेतून, भाऊजी गुडघे झटकत उठले. आतल्या पंपाचा आवाज नको म्हणून कानांवर लावलेली झाकणं त्यांनी आत्ता काढली. भोंगा त्यांना ऐकूच गेला नव्हता.

"अगं, अशी काय बघतेस? बसवला एकदाचा घट्ट," ते कपाळावरचा घाम पुसत हसले. "आता खुशाल सोड किरण."