नानांची तीन वांगी

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून पिंप्राळ्याच्या डिंपलला एक नवीनच सवय लागली होती. काहीही झालं की "माझ्यावर सोडा!" वर्गातला पंखा बंद पडला, माझ्यावर सोडा. बाईंचा चष्मा हरवला, माझ्यावर सोडा. (चष्मा बाईंच्याच डोक्यावर होता, पण शोधला मीच, असं ती अजून सांगते.)

त्यामुळे नववी ब ची भरीत पार्टी कुठे करायची हा प्रश्न निघाला, तेव्हा ती थेट बाकावरच चढली.

"आमच्या नानांच्या मळ्यात! त्यांच्यासारखं वांगं अख्ख्या जिल्ह्यात नाही. माणसाच्या डोक्याएवढं असतं."

"म्हणजे माझ्या डोक्याएवढं?" तेजसने विचारलं.

"माणसाच्या म्हटलं मी."

तिचे नाना, जीवराम नाना, फोनवर एवढंच म्हणाले, "घेऊन ये साऱ्यांले. काड्या माझ्या, तेल माझं. तुम्ही फक्त तोंडं आना!"

नानांचा सगळा मळा केळीचा. वांग्यांची एकच ओळ, विहिरीजवळ. जानेवारी संपत आला होता, झाडं थकली होती. पोरं येणार म्हणून नानांनी शनिवारीच शेवटचा तोडा करून टोपलीभर वांगी काढून ठेवली. रविवारी सकाळी ते पलीकडच्या मळ्यात केळीची गाडी भरायला गेले. इंदिराबाई आजी खोपीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळत बसली. राहिली डिंपल आणि तिच्यामागे हुंदडणारी नववी ब.

तेजसने टोपलीत डोकावून पाहिलं. "ही काय डोक्याएवढी? ही तर मुठीएवढी आहेत."

शेवटच्या तोड्याची वांगी ती, लहानच असणार. पण डिंपलचे कान लाल झाले. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि ओळीच्या टोकाला तिला ती दिसली. तीन झाडं, प्रत्येकावर एकच वांगं. हिरवंगार, तुकतुकीत, जमिनीला टेकलेलं! देठाला लाल चिंधी.

"आता बोल!" ती ओरडली.

"पण चिंधी कशाला बांधलीये?"

"रिझर्वेशन आहे ते! नानांनी आपल्यासाठी राखून ठेवलीत."

आजीला एकदा विचारावं असं तिच्या मनात आलंही होतं. पण वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी असल्या गोष्टी विचारत बसत नाही. तिने विळ्याने तिन्ही वांगी सपासप कापली. एक डोक्यावर घेऊन तिने फोटो काढला. तेजसनेही डोक्याशेजारी एक धरून फोटो काढला आणि नंतर तासभर पोरं त्याला विचारत होती, "यात तू कुठला?"

मग काय धमाल झाली! तुरीच्या काड्या तडतडल्या, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला, टोचे मारायला विसरलेलं एक वांगं फटाक्यासारखं फुटून तेजसच्या शर्टावर बसलं. लाकडी बडगीत वांगी ठेचायला रांग लागली. वरून मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. केळीच्या पानावर भरीत पडलं आणि एरवी सगळ्या वर्गाला बोलू न देणारी डिंपलसुद्धा भाषण सोडून दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागली.

तेवढ्यात नाना आले. हातपाय धुऊन पोरांच्या पंगतीतच बसले. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"वा! कोनं भाजली?"

"मी! आणि नाना, टोपलीतली नाही हं ही. तुमच्यासाठी खास वाढलंय. त्या चिंधीवाल्यांचं!"

नानांचा हात पानावरच थांबला. आजी पुरी तळता तळता वळली. कढईतली पुरी काळी व्हायला लागली, तरी तिने झारा हलवला नाही.

"तिन्ही?" नानांनी विचारलं.

"तिन्ही!" डिंपल अजून हसतच होती.

नानांनी विहिरीकडे पाहिलं. मग पान पुढे सरकवलं.

"वाढ अजून. आता काय ठेवायचं?"

पोरांना वाटलं, नानांना फारच आवडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी पान पुसून घेतलं, एक शेंगदाणाही ठेवला नाही.

पोरं गेल्यावर भांडी घासताना आजीने सांगितलं. रागावून नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. "बियाची व्हती माय ती. झाडाची बाकीची फुलं खुडून टाकली, सारा जोर त्या तिघांले दिला. पिवळी होऊन गळेपर्यंत हात लावत नसतात. माझ्या सासऱ्यांपासून चालत आलेलं बी."

"मागच्या वर्षीचं असेल ना थोडं?"

"मागेल त्याले वाटत सुटतात ते. उरलं ते पेरलं."

डिंपलच्या हातातल्या बडगीला अजून भरीत चिकटलेलं होतं. त्यातल्या बिया तिने बोटावर घेतल्या. पांढऱ्या, मऊ, नखाने चिरडतील अशा.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेला दांडी मारली आणि नानांच्या मोटरसायकलवर मागे बसली. बी नेलेल्यांच्या दारात जायचं होतं. पहिलं घर रतिलाल काकांचं.

"या नाना! बी घेऊन आलात की काय?" काका ओट्यावरूनच हसले.

नाना जरा घुटमळले. आजवर ते देतच आलेले. "नाही. तुमच्याकडे असलं थोडं, तर पाहत होतो."

"माझ्याकडे? तुमच्याकडे असतंच, म्हणून मी कधी ठेवलंच नाही. पण तुमचं काय झालं?"

"डुकरं शिरली रात्री."

"अरेरे! किती होती?"

"असतील दोन-चार," नाना चपलेकडे पाहत म्हणाले.

डिंपल मोटरसायकलवरून उतरली. "काका, डुकरं नव्हती. अख्खी नववी ब होती. पुढे मी होते."

रतिलाल काका मोठ्याने हसायला लागले. मग त्यांनी नानांकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं. चहा घ्या म्हणाले. नाना नको म्हणाले.

पुढच्या घरासमोर नाना गाडी स्टँडवर लावत होते, तोवर डिंपल पायऱ्या चढली. तिने कडी वाजवली. एका बाईंनी दार उघडलं.

"काकू, जीवराम नानांच्या वांग्याचं बी आहे का तुमच्याकडे? थोडंसंच. माझ्या हातून गेलं ते."

"नाही गं बाई," काकू म्हणाल्या. "आम्हीच उद्या मागायला येणार होतो."

डिंपल पायऱ्या उतरून आली. नानांनी पुढच्या घराकडे जायला गाडीला किक मारली.