सार्सेनबाय मास्तरांची हार्ड डिस्क

जुनं मशीन घेऊन कुणी दुकानात आलं की मी आधी खेकसतो, मग बघतो. कार्लिगाश शालीत गुंडाळलेला तो कम्प्युटर टॅक्सीतून घेऊन आली, तेव्हाही खेकसलोच. "अगं पोरी, हे म्युझियममध्ये नेऊन दे. इथे मोबाइलच्या काचा बदलतात आता."

"बेकेझान आगा, ओळखलं नाहीत? तुमच्याच हातचं आहे."

तिने शाल बाजूला केली. सार्सेनबाय मास्तरांचं मशीन! चौऱ्याण्णव साली मीच सुटे भाग जमवून त्यांना बांधून दिलेलं. मास्तरांनी तीस वर्षं गावोगाव फिरून आमच्या कुळाची वंशावळ वह्यांत उतरवली होती. ती सगळी त्यांनी दोन बोटांनी यात टाइप केली. मीच शहाणपणा शिकवला होता, "मास्तर, कागद सडतो. हे राहतं." शहाण्णवच्या हिवाळ्यात आख्ख्या बल्खाश शहराचे हीटर बंद पडले, घरातल्या बादलीत पाणी गोठायला लागलं. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबून त्या भल्या माणसाने वह्या शेगडीत घातल्या. तान्ह्या नातीला ऊब मिळावी म्हणून. ती नात म्हणजे हीच कार्लिगाश. मास्तरांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

"काय हवंय यातलं?" मी विचारलं.

"शनिवारी दिदारची आई माझ्या कानात डूल घालायला येणार आहे."

"म्हणजे लग्न ठरलं की! मग तोंड का असं?"

"कुठलं ठरलं? त्याची आजी अडून बसलीय. म्हणते, तुम्ही एकाच कुळाचे, वर मोजत गेलं की दोघांचा मूळपुरुष सहावाच निघतो. माझे काका म्हणतात, आठवा. दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात."

आमच्यात सात पिढ्यांच्या आत लग्न म्हणजे भावाबहिणीचं लग्न. पळून जाऊन केलं तरी आयुष्यभर कुणी ताटाला ताट लावत नाही. आठवा निघाला तर मात्र मेंढा कापा आणि नाचा.

"आजोबांनी लिहिलंय म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील," ती म्हणाली. "आठवाच आहे, आगा. तुम्ही फक्त चालू करून द्या."

"फक्त म्हणे! बस त्या स्टुलावर, आणि मध्ये मध्ये बोलू नकोस."

झाकण उघडलं तर आत उंदराने संसार थाटलेला. बोर्डावरची बॅटरी कधीच फुटली होती; तिचं हिरवं पाणी पसरून तांब्याच्या रेषा खाऊन बसलं होतं. बॅटरी कापून फेकली, हिरवटपणा व्हिनेगरने पुसला, मग स्पिरिटने. तीन रेषा पार तुटलेल्या. केसासारखी तार घेऊन त्या सांधल्या. माझे हात आता थरथरतात, पण डाग द्यायची सळई हातात आली की शहाण्यासारखे वागतात. वीजपुरवठ्याचा डबा वेगळा काढून मीटर लावला. पाच व्होल्ट हवे तिथे साडेतीन. आतले दोन कपॅसिटर पोट फुगवून बसले होते, ते बदलले. मग सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला आणि मशीन किंचाळायला लागलं.

"मेलं का?" कार्लिगाश उभीच राहिली.

"मेलेलं ओरडतं का कधी? मेमरी लागत नाहीये. तुझ्या पर्समध्ये खोडरबर आहे का?"

ती शाळेत चित्रकला शिकवते, खोडरबर निघालंच. मेमरीच्या पट्ट्यांचे दात त्याने घासले, परत बसवले. किंचाळणं थांबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, आणि पोरीने टाळ्याच वाजवल्या. मीही हसलो, कशाला खोटं बोलू!

पण डिस्क फिरेना. इतकी वर्षं पडून आतलं वाचायचं डोकं तबकडीला चिकटलं होतं. यावर एकच उपाय असतो. वीज सुरू होताना डिस्क हातात धरून मनगटाला एक झटका द्यायचा. सुटलं तर सुटलं, नाहीतर सगळं खरवडून निघतं.

"नीट ऐक," मी म्हणालो. "कदाचित एकदाच फिरेल. कदाचित तेवढंही नाही. राहू देऊ का?"

"द्या झटका."

दिला. आधी काहीच नाही. मग बारीक गुरगुर, आणि हळूहळू ती चढत गेली. मास्तरांनी केलेली यादी समोर होती, नावाखाली नाव, मुलाच्या नावासमोर बापाचं. "वाच!" मी ओरडलो. इतका आनंद मला माझ्या मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

कार्लिगाशने स्वतःच्या बापापासून सुरुवात केली. बोट काचेवर ठेवून एक एक नाव मोठ्याने म्हणत ती वर गेली. मग दिदारच्या बापापासून. सहाव्या नावावर तिचं बोट थांबलं. तोक्सानबाय. तिच्याकडूनही तोक्सानबाय, त्याच्याकडूनही तोक्सानबाय.

तिने परत मोजलं. मीही मोजलं. मास्तरांनी त्या नावापुढे कुणाकुणाला विचारून खात्री केली तेसुद्धा लिहून ठेवलं होतं. पाच म्हाताऱ्यांची नावं.

मी भडाभडा बोललो, "मी सांगतो सगळ्यांना, डिस्क मेलेली होती. बेकेझानला जमलं नाही म्हणून सांगतो. कोण विचारणार आहे? आत्ता हातोडा घालतो हिच्यावर."

"आणि मी वाचलंय त्याचं काय करू, आगा?"

"विसर!"

"मूल झालं की त्याला सात पिढ्यांच्या बापांची नावं शिकवावी लागतील. काय शिकवू?"

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फोन काढला. दिदार तांब्याच्या कारखान्यात पाळीवर होता. मागची घरघर मलाही ऐकू येत होती.

"दिदार," ती म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, "दादा, आजीचं बरोबर होतं."

पलीकडे तो बराच वेळ बोलत राहिला. ती नुसती हं हं करत होती. फोन ठेवला तेव्हा माझा हात बटणाकडे गेलेला.

"बंद करू नका," ती म्हणाली. "परत फिरली नाही तर? त्याचा विश्वास बसत नाहीये. म्हणतो, स्वतः मोजतो. निघालाय तो."

चाळीस वर्षं मी बंद पडलेलं चालू करून खाल्लं. त्या दुपारी पहिल्यांदाच मी हात जोडून खुदाकडे मागितलं की वीज जाऊ दे. आमच्या बाजारात दिवसातून दोनदा जाते.

नाही गेली. पाऊण तासाने दिदार आला, आणि कार्लिगाशने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.