‘चालतंय’ म्हणणाऱ्या गावाचा मनोरा

मी एक जुना मनोरा आहे, मित्रांनो. जुना म्हटलं की लोक लगेच गंज शोधायला लागतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझ्या अंगावर गंजाचा ठिपकासुद्धा नाही. फिनलंडमध्ये हौकिरंता नावाचं एक गाव आहे. त्याच्या डोक्यावरच्या टेकडीवर मी उभा आहे. खाली पाइन आणि बर्चचं जंगल, जंगलापलीकडे लांबलचक तळं, आणि तळ्याच्या काठाकाठानं विखुरलेली लाकडी घरं. एका घरातून दुसरं घर दिसत नाही आणि इथल्या माणसांना ते तसंच आवडतं.

मला कारखान्यात घडवलं, जस्तात बुडवून काढलं आणि ऐन हिवाळ्यात तुकड्यातुकड्यांनी इथं ओढून आणलं. उन्हाळ्यात आणलं असतं तर खालच्या दलदलीत ट्रॅक्टरसकट मीही रुतलो असतो. माझं काम टेलिव्हिजनचं. दूरच्या मोठ्या मनोऱ्याकडून चित्रं घ्यायची आणि टेकडीआडच्या या गावाला द्यायची. ज्या लहरींवर मी ती पाठवायचो त्या लांब पल्ल्याच्या होत्या. झाडं आडवी आली तरी त्या फारसं मनावर घ्यायच्या नाहीत. लाकडी भिंतीतून सरळ आत शिरायच्या, उंचवट्याला वळसा घालून पलीकडे उतरायच्या. स्कीच्या शर्यती लागल्या की सगळं गाव माझ्या जिवावर ओरडायचं. एरवी ही माणसं ओरडत नाहीत हो! म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग दिवस बदलले. लहरी म्हणजे काही पीठ नव्हे, पाणी घालून वाढवायला. आहेत तेवढ्याच आहेत. एकाला द्यायच्या तर दुसऱ्याला सरकून बसावं लागतं. जगाला मोबाइल हवे झाले, तेव्हा सरकारनं टेलिव्हिजनला कोपऱ्यात सरकवलं आणि माझ्या लहरींचा लिलाव केला. एका मोबाइल कंपनीनं त्या घेतल्या. माझ्या अंगावरचे अँटेना काढून नेले आणि मी नुसता उभा राहिलो. पाखरं बसायची, तेवढीच काय ती सोबत.

कंपनीची योजना कागदावर अगदी शहाण्यासारखी होती. शहरांना आखूड लहरी द्यायच्या. त्या भाराभर माहिती वाहतात, पण दोन भिंती लागल्या की दमतात. खेड्यांना माझ्या लांब लहरी द्यायच्या, आणि त्यासाठी हमरस्त्याकडेला नवा कोरा मनोरा उभारायचा. हौकिरंताचं काय? तर नकाशात हौकिरंता हिरवंगार होतं. म्हणजे नेटवर्क आधीच उत्तम! मग हा टेकडीवरचा सांगाडा कशाला ठेवायचा? पाडून टाका.

तो हिरवा रंग कुठून आला ते ऐका. कंपनीची मोजणीची गाडी आली होती हिवाळ्यात. हिवाळ्यात आमचं तळं दगडासारखं गोठतं आणि त्यावरून रस्ता काढतात. गाडी त्या बर्फावरून ऐटीत गेली. उघड्या बर्फावर दूर शहराकडचं नेटवर्क झकास लागलं, आणि यंत्रानं सगळा परिसर हिरवा रंगवला. तळ्यावर कोण राहतं? मासे! माशांना नेटवर्क उत्तम होतं. काठावरच्या घरांत मात्र फोन म्हणजे पाट्यावरचा वरवंटा.

दूरच्या नेटवर्कची एक झुळूक फक्त टेकडीच्या माथ्यावर, माझ्या पायाशी यायची. फोन करायचा तर लोक टेकडी चढायचे. तक्रार करायची म्हणाल, तर छे! या गावात तक्रार करणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात बोट घालण्यासारखं. कंपनीनं चौकशी केली की प्रत्येक जण एकच उत्तर द्यायचा, “चालतंय.”

आणि ते नुसते बसले नाहीत. या लोकांत तालकूत नावाची रीत आहे. काम पडलं की सगळ्यांनी हात लावायचा, मजुरी घ्यायची नाही, शेवटी सगळ्यांनी मिळून गरम सूप प्यायचं. चढ निसरडा होता, तर तालकूत करून पायऱ्या केल्या. पुढच्या वर्षी कठडा केला. मग वर बाक आला, बाकावर छप्पर, छपराला भिंती. शेवटी त्या खोलीत लोखंडी शेगडी, पिशव्यांना खुंट्या आणि कॉफीची किटलीसुद्धा आली. होड्या बांधणारे एव्हर्टकाका त्या खोलीचे मिस्त्री. खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवताना त्यांचा चेहरा नवरदेवासारखा व्हायचा.

आता सायमीमावशींबद्दल सांगतो. चौऱ्याऐंशीची बाई. टेकडीखाली सगळ्यात लांबच्या घरात एकट्या राहायच्या. तिथेच लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथेच नवरा गेला, तिथल्याच धक्क्यावर अजून जाळं टाकायच्या. जुन्या टेलिफोनच्या तारा काढून नेल्यावर त्यांच्या मनगटावरचं मदतीचं बटण मुकं झालं. वसंतात त्या धक्क्यावर पडल्या आणि बऱ्याच वेळानं कुणाला तरी दिसल्या. मग नगरपालिकेनं स्पष्ट सांगितलं की बर्फ पडायच्या आत बटण चालू झालं नाही, तर मावशींना शहरातल्या वृद्धाश्रमात जावं लागेल.  मावशी फक्त मासे साफ करत राहिल्या.

त्यांची भाची हिल्का घरोघर फिरणारी नर्स होती. ती मात्र पेटली. तिनं सगळ्यांना माझ्या पायाशी गोळा केलं.

“आज तालकूत आहे,” ती म्हणाली. “तक्रारीचं.”

सगळे बुटांकडे बघायला लागले.

“एकेकानं कंपनीला फोन लावायचा आणि म्हणायचं, आमच्याकडे नेटवर्क नाही. बस्स. एव्हर्टकाका, तुमच्यापासून सुरुवात.”

“मी? मी काल सुतारकाम केलंय, माझा घसा...”

“सुतारकाम काय घशानं करता? लावा फोन!”

काकांनी लावला. पलीकडून गोड आवाज आला. काका ताठ उभे राहिले. “नमस्कार. हौकिरंताहून एव्हर्ट. इकडे हवा बरी आहे... हो, हो... नेटवर्क? आता तुमच्याशी बोलतोय ना, म्हणजे चालतंयच की... नाही, काही नाही, सहज फोन केला. आभारी आहे हं.”

हिल्कानं कपाळावर हात मारला. “काका, तुम्ही त्यांचे आभार मानलेत!”

“बाई फार सौजन्यानं बोलली गं,” काका म्हणाले.

बाकीच्यांनी तर तेवढंही केलं नाही. सूप मात्र सगळे प्याले. मी वरून बघत होतो आणि मला रडावं की हसावं कळेना. यांच्या गप्प बसण्यापायी मावशींचं घर जाणार आणि मीही जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. पण मनोऱ्याला तोंड कुठे असतं?

पाठोपाठ गार पावसाचे दिवस आले आणि कंपनीची इंजिनीअर आली. अनुक्का वेस्टरिनेन तिचं नाव. तरुण, चटपटीत, पाठीवर यंत्रांची पिशवी. मला कुठून कापायचं ते पाहायला आली होती. हिल्का तिला वाटेतच भेटली.

“इथल्या नेटवर्कबद्दल काही अडचण?” अनुक्कानं रिवाज म्हणून विचारलं.

हिल्कानं छातीभर श्वास घेतला. मीही श्वास रोखला. आता बोलेल, आता सगळं सांगेल. आणि लहानपणापासून अंगात मुरलेली ती सवय! हिल्काच्या तोंडून निघालं, “तसं... चालतंय.”

अरे देवा! मला हात असते तर मी तिला गदागदा हलवलं असतं. स्वतःवरच चिडून तिचा चेहरा लालबुंद झाला.

अनुक्का पायऱ्या चढायला लागली, मागोमाग हिल्का. थोडं चढून थांबली, कठड्याकडे पाहिलं. आणखी चढली, पायऱ्यांच्या मधोमध बुटांनी पडलेले खळगे पाहिले. वर आली तर धुराडं दिसलं, आतून कॉफीचा वास येत होता. दार उघडलं तर भिंतीला टेकून तीन माणसं, तिघांच्याही कानाला फोन. कुणी बँकेशी बोलत होतं, कुणी गुरांच्या डॉक्टरशी.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“फोनघर,” एव्हर्टकाका उठून म्हणाले. “मी बांधलंय. खिडकी बघा, वाऱ्याचं बोटसुद्धा आत येत नाही. कॉफी घ्या.”

“मोबाइलसाठी फोनघर? घरून नाही लागत फोन?”

“घरून कसा लागेल?” काकांना प्रश्नच समजला नाही. “पण इथं छान लागतो. म्हणून तर खोली बांधली.”

अनुक्का बाकावर बसली ती बसलीच. तेवढ्यात दारात काठी वाजली आणि धापा टाकत सायमीमावशी आत आल्या. शुक्रवार होता. दर शुक्रवारी त्या टेकडी चढून शहरातल्या मुलीला आपण ठीक असल्याचं कळवायच्या. अनुक्कानं त्यांच्या मनगटावरचं बटण पाहिलं.

“आजी, हे चालतं?”

“इथं चालतं की.”

“आणि घरी पडलात तर?”

मावशींनी थोडा विचार केला. “तर उठून इथवर येईन की पोरी.”

 हिल्कानं तोंड फिरवलं.

“आजी, तुम्हाला शहरात जायचंय का?” अनुक्कानं अगदी हळू विचारलं.

मावशींनी खिडकीतून खाली आपल्या धक्क्याकडे पाहिलं.  “नाही,” त्या म्हणाल्या. “नाही जायचं मला.”

मित्रांनो, या गावात इतकं स्पष्ट ‘नाही’ मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अनुक्का ताडकन उठली आणि तिथूनच शहरातल्या तिच्या साहेबांना फोन लावला. कान टवकारून सगळे भिंतीकडे बघत बसले.

“साहेब, हमरस्त्याचा नवा मनोरा रद्द करा. ते अँटेना इथं जुन्या मनोऱ्यावर लावू या. इथून हमरस्ताही झाकला जाईल आणि गावही.”

“गाव? त्या गावातून आजवर एक तक्रार नाही!” साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

“तक्रार नाही साहेब, पण पायऱ्या आहेत. फोटो पाठवते. त्यातले खळगे बघा.”

फोटो पोचले. मग साहेब म्हणाले, “हे काय, वाफेच्या अंघोळीचं सौना आहे का?”

“सौना नव्हे, आपल्या ग्राहकांची फोन करायची जागा आहे. धुराडं त्यांनी स्वतः बांधलंय. आणि आपला नकाशा इथं हिरवा आहे, कारण आपण मासे मोजलेत.”

साहेब हसले नाहीत. पण नवा मनोरा उभारण्यापेक्षा उभा असलेला वापरणं सोपं, आणि लिलावाच्या अटीप्रमाणे खेड्यांना नेटवर्क द्यायचंच होतं, हे त्यांनाही कळत होतं. “करा,” एवढंच म्हणाले. एव्हर्टकाकांनी अनुक्काच्या कपात न विचारता आणखी कॉफी ओतली. आमच्याकडे याहून मोठा सत्कार नसतो.

पुढे काय धमाल झाली म्हणून सांगू! अँटेना घेऊन माणसं आली तेव्हा टेकडीखाली दलदल होती आणि त्यांची गाडी रुतली. गावानं तालकूत केलं, फळ्या टाकल्या, ओंडके टाकले, पेट्या हातोहात वर आणल्या. मग कंपनीच्या माणसांनी माझा प्रत्येक नट तपासला. “हा म्हातारा तर आमच्या नव्या मनोऱ्यांपेक्षा टणक आहे,” वर चढलेला गडी ओरडला. मी आधीच फूटभर उंच झालो होतो!

आणि मग माझ्या लहरी परत आल्या. त्याच माझ्या जुन्या लहरी! कोण म्हणतं गेलेलं परत येत नाही? पूर्वी त्या चित्रं घेऊन जायच्या, आता माणसांचे आवाज घेऊन निघाल्या. बर्चमधून, पाइनमधून गेल्या, टेकडीला वळसा घालून उतरल्या आणि ओळखीच्या भिंतींतून आत शिरल्या. मला एकेक घर आठवत होतं. सगळ्यात लांबच्या घरी पोचल्या तेव्हा माझा ऊर भरून आला.

खाली सायमीमावशींच्या स्वयंपाकघरात अख्खं गाव दाटीवाटीनं उभं होतं. बाहेर पहिला बर्फ भुरभुरायला लागला होता. मावशींनी बटण दाबलं. हिल्काचा फोन खणखणला. ती तर समोरच उभी होती, तरी तिनं तो कानाला लावला आणि रडत रडत म्हणाली, “मावशी, ऐकू येतंय का गं?”

“येतंय,” मावशी म्हणाल्या. “ओरडू नकोस. जाळं बाहेर राहिलंय, बर्फ साचायच्या आत ते काढायला हवं.” आणि आपल्या घरातून, आपल्या दारातून, आपल्या धक्क्यावर गेल्या. गाव टाळ्या वाजवत होतं. हो, हे गाव! टाळ्या!

आता मला कुणी पाडणार नाही. उन्हाळा आला की एव्हर्टकाका खालून माझ्या पायांना रंग देतात. तुमच्याही गावात असा एखादा जुना मनोरा, पूल, नाहीतर पाण्याची टाकी असेल, तर तिला मोडीत काढण्याआधी एकदा विचारा, अजून काय करशील म्हणून. आणि तुम्हाला कुठे दुखत असेल तर सांगा रे बाबांनो. माझ्या गावानं पायऱ्या खणल्या, खोली बांधली, पण दोन शब्द बोलायला इतकी वर्षं लावली, आणि तेवढ्यात एका म्हातारीचं घर हातचं जात होतं.

तरी एक आनंदाची बातमी सांगायची राहिली. हौकिरंताहून कंपनीला पहिली तक्रार गेली आहे. केली कुणी? सायमीमावशींनी, स्वतःच्या स्वयंपाकघरातून.

“नेटवर्क फारच चांगलं झालंय,” त्या अनुक्काला म्हणाल्या. “आता शुक्रवारी वर कॉफीला कुणी येतच नाही. हे चालायचं नाही!”

अनुक्का पुढच्याच शुक्रवारी वेलदोड्याचे गोड पाव घेऊन टेकडीवर हजर झाली. मी वरून पाहिलं, तर पायऱ्यांवर पुन्हा रांग लागली होती आणि सगळ्यांच्या पुढे काठी आपटत मावशी चढत होत्या.