झोपलेल्यांची यादी

"तू ते शास्त्र किती वेळा वाचलंस रे?" ताईने विचारलं.

"अकरा वेळा. आणि एकदा उलटं."

"उलटं म्हणजे?"

"शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे. सरळ वाचलं की माणूस अर्थात गुंततो, मग चुका निसटतात."

"म्हणजे अर्थ लागू नये म्हणून वाचायचास," ताई म्हणाली आणि कुशीवर वळली.

त्याला हसू आलं, पण बोलणं लागलंही. एकतीस वर्षं त्याने छापखान्यात प्रुफं तपासली होती. तिथे त्याला सगळे कानामात्रा म्हणत. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्राची नवी आवृत्ती निघाली की गठ्ठा त्याच्याच टेबलावर यायचा. निसटलेली वेलांटी त्याला पानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसे. पण त्या पानावर देव कुणाला काय म्हणाला, हे विचारलं असतं तर त्याने डोकं खाजवलं असतं.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, एक्याऐंशीची. जन्मभर नर्स होती. आई लवकर गेल्यावर याला तिनेच वाढवलं, आणि आता याच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती. हृदय थकलं होतं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. तीन आठवडे ती झोपत नव्हती. डोळा लागला की दचकून उठायची. गोळ्या झाल्या, गरम दूध झालं. इंजेक्शन द्यायला रोज दुपारी येणारी नर्स म्हणाली, "काका, मनात काहीतरी आहे त्यांच्या. विचारून बघा."

त्याने विचारलं. ताईने आधी उडवून लावलं. मग सकाळी दाढी करता करता तो आरशात बघत होता, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"चोवीस वर्षांची होते मी. ओळीने तिसरी पाळी. स्टुलावर टेकले आणि झोपले. अर्धा तास असेल. सात नंबरच्या खाटेवरच्या आजी तेवढ्यात गेल्या."

त्याने वस्तरा खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणाले, तशाही गेल्याच असत्या. कुणी बोल लावला नाही. पण उशाची घंटी त्यांच्या हातात होती रे. वाजवली असणार. मी ऐकली नाही." तिने पांघरूण ओढून घेतलं. "पकडलं जायच्या रात्री प्रभूने झोपलेल्या शिष्यांना विचारलं होतं, घटकाभरही जागं राहवलं नाही का तुम्हाला? ते वाचलं जायचं तेव्हा मी देवळात मान वर करत नसे. देव प्रेम करतो म्हणतात. करतच असेल, सगळ्यांवर. पण पाळीवर झोपलेल्या बाईवर? असं कुठे लिहिलंय का, सांग मला. तू तर अकरा वेळा वाचलंयस."

अर्ध्या गालाला साबण तसाच. नेहमीची दोन-तीन वचनं त्याने म्हणून पाहिली. ताईने हात हलवला. "ती सगळ्यांना वाटायची आहेत. माझं काय ते बघ."

त्या दिवसापासून त्याने शास्त्र बाराव्यांदा हातात घेतलं. पेन्सिल कानावर होतीच, पण या वेळी चुका नव्हे, झोपलेली माणसं शोधायची होती. आणि काय आश्चर्य, जिथे तिथे कुणी ना कुणी झोपलेलं! सकाळच्या चहाला तो खुर्ची ओढून बसायचा आणि सापडलेला माणूस तिच्यापुढे ठेवायचा.

"घरातून पळालेला एक जण दगड उशाला घेऊन झोपला. भावाला फसवून आला होता. देव स्वप्नात येऊन म्हणाला, मी तुझ्यासोबत आहे."

"भावाला फसवलं, आणि वर स्वप्न?"

"वर स्वप्न."

दुसऱ्या दिवशी एक तरुण निघाला. उपदेश लांबला, हा खिडकीत पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेलाच म्हणून उचलला.

"मग?"

"उपदेशकाने खाली जाऊन त्याला मिठी मारली. उठला तो."

"आणि उपदेश?"

"पहाटेपर्यंत चालला."

किती दिवसांनी ताई हसली. "सुधारले नाहीत म्हणजे."

पण यादीतली सगळीच माणसं सुखरूप नव्हती. एक सेनापती तंबूत झोपला तो उठलाच नाही. ते पान कानामात्राने गुपचूप उलटलं. शिष्यांचा प्रसंग त्याने नीट, सावकाश वाचला. त्याच ओळींत मन तयार असतं पण शरीर दुबळं असतं असंही होतं. त्याने ते सांगितलं. ताई म्हणाली, "समजूत घातली, खरं आहे. पण आधी विचारलं ना?"

त्याने मान डोलावली. प्रुफात चूक नसताना चूक दाखवता येत नाही, तसंच हेही.

नवव्या दिवशी दुपारी त्याने वाचायला घेतलं ते एका संदेष्ट्याचं. मोठं काम सोडून जीव घेऊन पळालेला. रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं देवा, मला ने. आणि झोपला.

"काम टाकून?" ताईने मान उचलली.

"काम टाकून."

"मग देव काय म्हणाला?"

कानामात्राने बोट ओळीवर ठेवलं. "काहीच नाही. दूत पाठवला. त्याने याला हात लावून उठवलं, म्हणाला, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई."

"मग बोलला असेल."

"नाही. हा जेवला आणि परत झोपला."

"परत?"

"परत. दूत दुसऱ्यांदा आला. पुन्हा हात लावला. म्हणाला, ऊठ, खा, नाहीतर पुढची वाट तुला झेपायची नाही."

"मागचं पान बघ. कुठेतरी रागावला असेल."

त्याने मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. बाराव्या वाचनाला पहिल्यांदाच तो अक्षरांवरून नव्हे, आशेवरून बोट फिरवत होता. "पुढे गेल्यावर विचारलंय त्याला, इथे काय करतोस म्हणून. पण झोपेबद्दल अवाक्षर नाही, ताई."

तिने मान परत उशीवर टेकली. मग नर्सच्या आवाजात म्हणाली, "बरोबर केलं त्याने. दमलेल्याला ओरडायचं नसतं. हात लावून उठवायचं, खायला-प्यायला द्यायचं, परत झोपू द्यायचं. चौतीस वर्षं हेच केलं मी." मग जणू वेगळंच काही सुचल्यासारखं, "म्हणजे तो हे काम जाणतो."

"कोण, दूत?"

"ज्याने पाठवला तो." तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "सात नंबरच्या आजींचं मी त्यालाच विचारेन. घंटी वाजवली होती का ते. आता भीती नाही वाटत विचारायची. ती उशी जरा खाली कर रे. आणि ते दुसऱ्यांदा हात लावलेलं परत वाच."

त्याने वाचलं. वाचून वर पाहिलं तर ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

तासाभराने नर्स आली. कानामात्राने दारातच ओठावर बोट ठेवलं. "झोपलीय."

"इंजेक्शनची वेळ झाली की, काका."

"अर्धा तास द्या. महिन्याभराने झोपलीय."

नर्सने घड्याळ पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत टेकली. सकाळपासून सहा घरं झाली होती, अजून तीन राहिली होती. तो पाणी घेऊन आला, तोवर तिचीही मान कलली होती.

त्याने पेला आवाज न करता तिच्याजवळ ठेवला, खिडकीचा पडदा ओढला आणि दोघींच्या मध्ये स्टूल घेऊन जागा बसला.