पाहुणे जाईपर्यंत

संस्थेच्या मोठ्या मॅडम पाहणीला येणार म्हटल्यावर काकांच्या अंगात वारं शिरलं. पुरात गाव वाहून गेल्यापासून आम्ही या पत्र्याच्या वस्तीत राहतो आणि काका तिचे न नेमलेले पुढारी. पूर्वी हेडमास्तर होते, त्यामुळे सगळी वस्ती त्यांना चौथीच्या वर्गासारखीच वाटते. मी त्यांची सख्खी पुतणी. वस्तीतली बाळंतपणाची खोली मी सांभाळते. नर्स मीच, झाडूवाली मीच आणि भांडायलाही मीच.

औषधं, जनरेटर, माझा पगार, हा सगळा खर्च ती परदेशातली संस्था करते. आता दुसऱ्या देशांत युद्धं पेटली होती आणि पैसा तिकडे वळवायचा होता. आमची खोली चालू ठेवायची की नाही, हे मॅडमच्या पाहणीवरून ठरणार होतं. बंद झाली तर बायकांना डोंगरापलीकडच्या इस्पितळात जावं लागणार. माझी बहीण त्या रस्त्यातच गेली, म्हणून या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

सकाळी जाऊन बघते तर खोली ओळखू येईना. मोडकी खाट मागे ताडपत्रीखाली दडवलेली, गळक्या छताखालची बादली गायब, उरलेल्या खाटांवर कोऱ्या चादरी. बाहेरच्या बाकावर एरवी टेकायला जागा नसते, तिथे चिटपाखरू नाही.

"बायका कुठायत?"

"घरीच बसा म्हटलं सगळ्यांना," काका म्हणाले. "पाहुण्यांसमोर गर्दी कशाला?"

"अहो, गर्दीच तर दाखवायची होती!"

"आपण काय भीक मागायला बसलोय?"

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! पण खरं सांगायचं तर मीही त्याच घरातली. पाहुणा आला की फाटक्या गादीवर चांगली चादर घालायची, त्याला पोटभर वाढायचं आणि आपण जेवल्याचं नाटक करायचं, हेच मी लहानपणापासून पाहिलं. संस्थांचा कारभार उलटा. तिथे उणं डोळ्यांना दिसलं तरच मदत येते. यात मॅडमचं काही चुकत होतं असंही नाही.

बाई चांगल्या होत्या. आमची भाषा शिकून आलेल्या. खोली बघून म्हणाल्या, "छान! किती शांत आहे. काही अडचणी?"

"तुमच्या कृपेने काही कमी नाही," काका म्हणाले.

"मॅडम, छत गळतं, रोज इथे—" मी तोंड उघडलं, तोच काकांनी डोळे वटारले. "पोरगी जरा फटकळ आहे," म्हणून हसले.

"इतर ठिकाणांपेक्षा तुमचं बरंच बरं चाललंय," मॅडम म्हणाल्या. काका फुलून गेले. पैसा आता त्या इतर ठिकाणी जाणार, हे मला कळून चुकलं. आता बाईंना चहा पाजल्याशिवाय काका सोडणार नव्हते. पहिला झाला, दुसऱ्याचा आग्रह सुरू झाला.

तेवढ्यात काकू अनवाणी धावत आल्या. "अहो, सुनेला पहाटेपासून कळा येतायत! तुम्ही सगळ्यांना घरी बसवलंत, म्हणून पाहुणे जाईपर्यंत दात आवळून बसली पोर. आता तिला उठवतही नाही."

काकांच्या हातातली किटली खाली पडली.

मॅडमच्याच जीपमधून सुनेला आणलं. कोऱ्या चादरीची पार दशा झाली. मूल निळं पडलेलं, रडेना. मी त्याला चोळत होते, उलटं धरत होते, मनातल्या मनात काकांना शिव्या घालत होते. शेवटी कार्ट्याने टाहो फोडला आणि मी त्याला आईच्या कुशीत दिलं. बाहेर आले तेव्हा घरी बसवलेल्या बायका बाकाभोवती जमल्या होत्या. "दोघंही सुखरूप आहेत," मी सांगितलं.

काका भिंतीला धरून उभे होते. मॅडमपुढे आले.

"ही खोली बंद करू नका," म्हणाले. "सकाळी मी खोटं बोललो."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि खिशातला फोन काढला. "हे माझ्या वरिष्ठांना तुम्हीच सांगा. मी भाषांतर करते. ते काय ठरवतील, ते मात्र माझ्या हातात नाही."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. सगळ्या वस्तीदेखत, नाक पुसत, एकेक गोष्ट सांगू लागले. मोडकी खाट, गळकं छत, तो रस्ता. मध्येच मॅडम भाषांतर करता करता थांबल्या, तर म्हणाले, "थांबू नका बाई, अजून मागायचंय."

जन्मात कुणापुढे हात न पसरलेला तो माणूस आमच्यासाठी मागत होता. मला त्यांचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.